इंजिनातील तेलाचे माप आणि सांडलेल्या तेलाचा हिशेब

गोव्यातील खेड्यापाड्यांचे दैनंदिन जीवन आज वाहनांशी निगडित झालेले आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला भाजी नेणारा टेंपो, शाळकरी मुलांची ने-आण करणारी व्हॅन, पर्यटकांसाठी चालणारी टॅक्सी आणि घरोघरी असलेली दुचाकी ही अनेक कुटुंबांच्या उपजीविकेची साधने होत. वाहन बंद पडले की त्या दिवसाची कमाई थांबते आणि इंजिन निकामी झाले तर कर्जाचे हप्ते चालू राहून उत्पन्न मात्र बंद होते. म्हणून वाहनाची नियमित सर्व्हिसिंग करून घेण्याकडे लोकांचा कल वाढला आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

तथापि सर्व्हिसिंग केली म्हणजे सारे काही ठीक झाले, असे समजणे योग्य ठरत नाही. जुने तेल काढून नवे भरण्याच्या साध्या वाटणाऱ्या कामातही दोन दोष वारंवार आढळतात. एक म्हणजे इंजिनात प्रमाणापेक्षा जास्त तेल भरणे आणि दुसरा म्हणजे भरताना किंवा काढताना तेल सांडणे. पहिल्या दोषाने वाहनधारकाचे नुकसान होते. दुसऱ्याने वाहनाचे नुकसान तर होतेच, परंतु त्याचा उपद्रव शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत आणि गावच्या ओहोळापर्यंत पोहोचू शकतो. या दोहोंची कारणे व उपाय सर्वसामान्य वाचकांना समजावेत, हा या लेखाचा उद्देश आहे.

तेलाचे कार्य

इंजिनाच्या तळाशी तेल साठविण्याचे एक पसरट पात्र असते. आपल्याकडील मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. चेंबरातील तेल पंपाच्या साहाय्याने वर ओढले जाते, फिल्टरमधून गाळले जाते आणि बारीक मार्गांनी फिरत्या भागांपर्यंत पोहोचते. तेथे धातू व धातू यांच्यामध्ये तेलाचा एक अतिशय पातळ थर तयार होतो. माणसाच्या केसाच्या जाडीहूनही बारीक अशा या थरावर इंजिनाचे सारे आयुष्य अवलंबून असते. घर्षण कमी करणे, उष्णता वाहून नेणे, काजळी व धातूचे सूक्ष्म कण आपल्यात सामावून घेणे आणि गंज रोखणे ही कामे तेल एकाच वेळी करीत असते. वापरलेले तेल काळे दिसते, ते याच मळामुळे.

तेल कमी असल्यास इंजिन बिघडते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यातूनच "थोडे जास्त असलेले बरे" अशी समजूत रूढ झाली. घरातील पाण्याच्या टाकीला हा न्याय लागू पडेल. इंजिनाला तो लागू पडत नाही.

जादा तेलाने काय होते

चेंबराच्या वरच्या बाजूस क्रँकशाफ्ट नावाचा जड दांडा फिरत असतो. तेलाची पातळी योग्य असेल तेव्हा हा दांडा तेलापासून वर राहतो. पातळी फार वाढली तर तो तेलात आपटू लागतो. मिनिटाला ३००० फेरे या गतीने वाहन चालत असेल, तर दांडा सेकंदाला ५० वेळा तेल घुसळतो. ताक घुसळताना रवीमुळे डेऱ्यात फेस येतो, तसाच फेस चेंबरात येतो.

फेस म्हणजे तेलात मिसळलेली हवा. पंप तेलाऐवजी तेल-हवेचे मिश्रण ओढू लागला की दाब कमी होतो आणि पूर्वी सांगितलेला पातळ थर जागोजागी तुटतो. अशा रीतीने चेंबरात तेल भरपूर असूनही फिरणारे भाग मात्र कोरडे पडण्याचा धोका उद्भवतो. घुसळण्यात शक्ती खर्च होत असल्याने इंजिन जड चालते, तेल अधिक तापते आणि इंधनही जास्त लागते.

दुसरा परिणाम दाबाचा आहे. चेंबरातील वायू बाहेर जाण्यासाठी एक नळी ठेवलेली असते व ती बहुतेक वाहनांत इंजिनाच्या हवेच्या मार्गाला जोडलेली असते. जादा तेलाचे तुषार या नळीतून वर जाऊन इंधनाबरोबर जळतात. धुराड्यातून निळसर धूर येऊ लागतो, प्लगवर काजळी धरते आणि धूर शुद्ध करण्यासाठी बसविलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे महागडे उपकरण कालांतराने खराब होऊ शकते. वाढलेल्या दाबामुळे ऑइल सील व पॅकिंग यांतून गळतीही सुरू होते. पुष्कळदा "सर्व्हिसिंग केल्यापासून गाडी तेल टाकू लागली" अशी तक्रार ऐकू येते. तिचे मूळ अनेक वेळा येथे असते.

डिझेल इंजिनांच्या बाबतीत आणखी एक गंभीर धोका आहे. पेट्रोल इंजिनाला पेटविण्यासाठी ठिणगी लागते, म्हणून चावी बंद केली की ते थांबते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. हवेच्या मार्गाने मोठ्या प्रमाणात तेल आत शिरले तर इंजिन स्वतःचेच तेल इंधन म्हणून जाळू लागते, चावी बंद करूनही थांबत नाही आणि वेग अनावर होऊन फुटू शकते. असा प्रसंग विरळा असला, तरी टेंपो, ट्रॅक्टर किंवा शेतातील डिझेल पंप वापरणाऱ्यांनी तो माहीत करून घ्यावा. इंजिन असे अनावर झाल्यास त्याच्याजवळ कोणी उभे राहू नये.

तेल जादा होते कसे

हा दोष बहुधा घाईतून घडतो. समजा, एका मोटारीच्या पुस्तिकेत फिल्टर बदलल्यास ३.१ लिटर आणि न बदलल्यास २.९ लिटर तेल भरावे, असे दिलेले आहे. मेकॅनिकने फिल्टर बदलला नाही आणि ३.५ लिटरचा डबा पूर्ण ओतला. म्हणजे ०.६ लिटर तेल जादा झाले. त्यात गाडी उतारावर उभी असल्यामुळे जुने तेल पुरते निथळले नाही व ०.२ लिटर आतच राहिले. एकूण ०.८ लिटर जादा. अनेक मोटारींत मापपट्टीवरील खालच्या व वरच्या खुणांमधील अंतर सुमारे एक लिटरचे असते. हे ध्यानात घेतले असता पातळी किती वर गेली असेल, याची कल्पना येईल.

दुचाकींच्या बाबतीत हा दोष अधिक सहज घडतो. अनेक लहान मोटरसायकली व स्कूटर यांना एक लिटरहून कमी तेल पुरते, परंतु बाटली उघडली की ती रिकामी करण्याकडे प्रवृत्ती असते. उरलेले तेल वाया जाऊ नये, हा विचार चांगला आहे. त्यासाठी ते बाटलीत झाकण लावून ग्राहकाला परत द्यावे.

आणखी एक चूक कधीकधी घडते. इंजिनाच्या चेंबराचा बोल्ट समजून गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला जातो. गिअरबॉक्समधील तेल बाहेर जाते, इंजिनातील जुने तेल तसेच राहते आणि त्यावर नवे ओतले जाते. अशा वाहनाचे इंजिन तेलाने तुडुंब व गिअरबॉक्स कोरडा, अशी दुहेरी हानी होते.

माप कसे पाहावे

तेलाचे माप पाहणे हे पाच-दहा मिनिटांचे काम असून ते प्रत्येक वाहनधारकाला करता येते. वाहन सपाट जागी उभे करावे. इंजिन गरम असल्यास बंद करून पाच ते दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल चेंबरात उतरते. त्यानंतर मापपट्टी, जिला डिपस्टिक म्हणतात, ती बाहेर काढून स्वच्छ कापडाने पुसावी, पूर्णपणे आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. पहिल्याच वेळी काढलेल्या पट्टीवरील खूण विश्वसनीय नसते. तेल दोन खुणांच्या दरम्यान असावे. वरच्या खुणेपलीकडे ते कधीही जाऊ देऊ नये. अनेक मोटरसायकलींत झाकणालाच मापपट्टी जोडलेली असते. अशा बहुतेक वाहनांत माप घेताना झाकण पिळून न बसविता केवळ टेकवावयाचे असते. प्रत्येक वाहनाची रीत त्याच्या पुस्तिकेत दिलेली असते व तीच प्रमाण मानावी.

नवे तेल भरताना पुस्तिकेतील आकड्यापेक्षा थोडे कमीच ओतावे. नंतर एक-दोन मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे नवा फिल्टर तेलाने भरतो. पुन्हा थांबून माप पाहावे व उणीव थोडी थोडी करून भरून काढावी. तेल जादा झाल्याचे आढळल्यास वाहन तसेच चालवीत राहू नये. चेंबराच्या बोल्टातून किंवा मापपट्टीच्या नळीतून शोषक पंपाने जादा तेल काढून घेता येते आणि हे काम कोणत्याही गॅरेजमध्ये थोड्या वेळात होते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. वाहनाच्या फलकावरील तेलाचा लाल दिवा सामान्यतः तेलाचा दाब दर्शवितो, पातळी नव्हे. तो लागला नाही म्हणजे माप बरोबर आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि तो चालत्या वाहनात लागला, तर मात्र लगेच थांबून इंजिन बंद करावे.

कोणी तेल न घालताही पातळी वाढत असेल, तर ती वेगळ्या बिघाडाची खूण समजावी. तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागल्यास त्यात पाणी मिसळत आहे. तेलाला इंधनाचा वास येऊन ते पातळ झाले असल्यास पेट्रोल किंवा डिझेल चेंबरात उतरत आहे. दोन्ही प्रसंगी तज्ज्ञ मेकॅनिकला दाखविणे श्रेयस्कर.

सांडलेले तेल आणि आगीचा धोका

सर्व्हिसिंगनंतर पहिल्या काही किलोमीटरांत जळका वास किंवा थोडा धूर येतो, असा अनुभव पुष्कळांना आहे. नरसाळे न वापरता तेल ओतल्यास काही थेंब इंजिनावर ओघळतात आणि ते तापल्यावर जळून जातात. चार थेंबांनी मोठा अनर्थ होत नाही. परंतु वास दुसऱ्या दिवशीही येत राहिला किंवा धूर वाढत गेला, तर कोठेतरी गळती चालू आहे, असे समजावे.

इंजिन ऑइलची वाफ सामान्यतः २०० अंश सेल्सियसच्या वर पेट घेण्याजोगी होते. धूर वाहून नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जड चढणीवर कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. त्यावर तेलाची धार लागली तर आग लागू शकते. तेल रबराच्या पट्ट्यांवर पडल्यास पट्टा घसरतो व फुगून लवकर निकामी होतो. म्हणून सांडलेले तेल इंजिन थंड असतानाच कापडाने टिपून घ्यावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये.

आग लागल्याचा संशय आल्यास वाहन कडेला घ्यावे, इंजिन बंद करून सर्वांनी खाली उतरावे आणि दूर जावे. बॉनेट पूर्ण उघडल्यास आत हवा शिरून ज्वाळा भडकतात. तेलाच्या आगीवर पाणी टाकले असता जळते तेल पसरते. त्यासाठी कोरड्या भुकटीचे अग्निशामक उपयोगी पडते.

गळतीची तीन नित्याची कारणे वाहनधारकाला स्वतः पाहता येतात. तेल भरण्याचे झाकण नीट बसविलेले नसणे, हे पहिले. चेंबराच्या बोल्टाखालील वायसर जुनाच वापरणे किंवा बोल्ट अवाजवी जोराने आवळून आटे खराब करणे, हे दुसरे. तिसरे कारण फिल्टरचे आहे. जुन्या फिल्टरची रबरी कडी कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नव्या फिल्टरची कडी बसली की दोन कड्यांमधून दाबाखालील तेल झपाट्याने बाहेर पडते. गॅरेजमधून निघण्यापूर्वी काही मिनिटे इंजिन चालू ठेवून वाहनाखाली वाकून पाहिले, तर ही गळती तेथेच उघडकीस येते.

गॅरेजपासून विहिरीपर्यंत

आता दुसऱ्या, आणि सार्वजनिक हिताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या भागाकडे वळू. गोव्यातील पुष्कळशी जमीन जांभ्या दगडाची आहे. हा दगड सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून झिरपून विहिरींना मिळते. ज्या वाटेने पाणी जाते, त्याच वाटेने पाण्यावर पडलेले मळही जातात. गॅरेजच्या मागील अंगणात वर्षानुवर्षे ओतलेले काळे तेल मातीत मुरते आणि जोराच्या पावसात काही अंश ओहोळांतून शेतांत, खाजनांत व पुढे मांडवी-जुवारीसारख्या नद्यांत जातो. तेथे मासळी आणि तिसऱ्या यांवर आपल्याच लोकांचे पोट अवलंबून आहे.

थोडेसे तेल किती पसरते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळील क्लॅपम येथील तळ्यावर सुमारे चहाचा एक चमचाभर तेल ओतले, तेव्हा जवळजवळ अर्धा एकर पाण्याचा पृष्ठभाग शांत झालेला त्यांना दिसला. हे निरीक्षण १७७४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेलाच्या जातीनुसार पसरण्याचे प्रमाण कमीअधिक होते. परंतु पावसाळ्यात रस्त्यावरील डबक्यावर दिसणारा सप्तरंगी पापुद्रा हे त्याच गोष्टीचे आपल्या नित्य पाहण्यातील उदाहरण होय. असा पापुद्रा जाड झाला की हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबाप्रमाणे एका वाहनाच्या एका तेलबदलातून निघालेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी दूषित करू शकते. वापरलेल्या तेलात धातूंचे कण व ज्वलनातून आलेली हानिकारक द्रव्ये असतात, म्हणून ते नव्या तेलापेक्षा अधिक घातक ठरते.

याच कारणास्तव काळ्या तेलाचे काही रूढ उपयोग सोडून द्यावयास हवेत. वाळवी लागू नये म्हणून दारे-खिडक्यांना ते चोपडणे, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडणे, गुरांच्या जखमांना लावणे किंवा चूल व भट्टी पेटविण्यासाठी जाळणे, या सर्वांत आरोग्यास अपाय आहे. मेकॅनिक बंधूंनी हातमोजे वापरावेत, तेलाने भिजलेले कपडे अंगावर ठेवू नयेत आणि हात धुण्यासाठी पेट्रोल न वापरता साबण वापरावा. अशा तेलाचा कातडीशी वर्षानुवर्षे येणारा संपर्क कर्करोगालाही कारणीभूत होऊ शकतो.

जमिनीवर तेल सांडल्यास पाण्याने धुऊन काढण्याची सवय चुकीची आहे. त्यामुळे तेल नाहीसे होत नाही, केवळ गटारात जाते. त्याऐवजी लाकडाचा भुसा, कोरडी माती, वाळू किंवा भाताचे तूस पसरावे, तेल शोषले गेल्यावर खरडून घ्यावे आणि ते वेगळ्या डब्यात ठेवावे. रस्त्यावर तेल सांडले असल्यास ही दक्षता तत्काळ घ्यावी. पहिल्या पावसात रस्ते विशेष निसरडे होतात, ते साचलेले तेल व धूळ पाण्यावर वर आल्यामुळे, आणि त्या निसरड्याचा पहिला बळी बहुधा दुचाकीस्वार असतो.

कायदा काय सांगतो

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ मध्ये संमत झाला आणि त्याखाली घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ मध्ये करण्यात आले. सध्या २०१६ चे नियम लागू असून त्यांत वापरलेल्या तेलाचा घातक कचऱ्यात समावेश आहे. ते गटारात, जमिनीवर वा पाण्यात टाकता येत नाही. अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाईल अशा रीतीने ते सोपवावे लागते. २०२३ मध्ये या नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून तेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवरही वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली आहे. यामागील शास्त्रीय आधार साधा आहे. तेल वापराने नष्ट होत नाही, ते मळते. मळ व पाणी काढून आणि निर्वात अवस्थेत ऊर्ध्वपातन करून त्यापासून पुन्हा वंगण तयार करता येते. म्हणजे अंगणात ओतलेला प्रत्येक लिटर हा विहिरीचे नुकसान करतोच, शिवाय एका उपयुक्त मालाचाही नाश करतो.

वाहनधारकाला ग्राहक म्हणूनही हक्क आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. चुकीच्या पद्धतीने केलेली सर्व्हिसिंग ही सेवेतील न्यूनता ठरू शकते. सामान्यतः कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि १९१५ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. परंतु कागदाशिवाय तक्रार उभी राहत नाही. म्हणून कोणत्या प्रतीचे तेल, किती लिटर, फिल्टर बदलला की नाही आणि त्या दिवशी वाहन किती किलोमीटर चालले होते, या चार बाबी पावतीवर लिहून घ्याव्यात. प्रामाणिक मेकॅनिकला ही मागणी जाचक वाटण्याचे कारण नाही. वाद उद्भवल्यास ती पावती त्याचेही रक्षण करते.

प्रत्येकाने उचलावयाचा वाटा

शासकीय वाहनांच्या चालकांनी तेलबदलानंतर माप स्वतः पाहून वाहनाच्या नोंदवहीत त्याची नोंद केल्यास अधिकाऱ्यांना देखरेख ठेवणे सुलभ होईल. ग्रामपंचायतींना आपल्या हद्दीतील गॅरेजधारकांची एक बैठक घेऊन काळे तेल झाकणाच्या पिंपात साठविण्याची व ते अधिकृत संकलकाला देण्याची व्यवस्था ठरविता येईल. पिंप छपराखाली व पक्क्या जमिनीवर असावे, एवढी अट पाळली तरी पावसाळ्यातील वाहून जाणे पुष्कळ अंशी थांबेल.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज मांडता येईल. परातीत पाणी घेऊन त्यावर थोडी मिरपूड भुरभुरावी आणि मधोमध खाद्यतेलाचा एक थेंब सोडावा. मिरपूड कडेला सरकते व तेल किती पसरले, ते मुलांना प्रत्यक्ष दिसते. नंतर परातीतील पाणी तेलापासून वेगळे करून पिण्याजोगे करून दाखवा, असे मुलांना सांगावे. ते किती कठीण आहे, हे त्यांच्या लक्षात आल्यावर विहिरीच्या काठी तेलाचा डबा का धुऊ नये, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

पुढच्या खेपेला वाहन सर्व्हिसिंगला दिल्यावर प्रत्येक वाहनधारकाने तीन गोष्टी आवर्जून कराव्यात : मापपट्टी स्वतः काढून पाहावी, वाहनाखाली वाकून पाहावे आणि काढलेले जुने तेल कोठे ठेवले जाते, ते विचारावे. या तिन्ही गोष्टींना एक पैसाही खर्च येत नाही.